दिव्याला पदर

"तर बादली सोडली मी हिरीत," शांतव्वा म्हणाली आणि थांबली.

कुठं थांबायचं हे तिला बरोबर कळायचं. समोर कॉलेजच्या सात-आठ पोरी, त्यांना घेऊन आलेल्या चष्मेवाल्या प्राध्यापकबाई आणि उन्हातून जरा टेकायला म्हणून आत शिरलेले एक टोपीवाले आजोबा, सगळे श्वास धरून उभे होते.

"वर वढली, तर ही जड! मी म्हटलं, मासा घावला का काय. बघतो तर पाण्याचा टिपूस न्हाय. निस्तं काळंभोर त्याल!"

"अय्या!" एक पोरगी म्हणाली.

"अय्या काय म्हंतीस बाई, फुडं ऐक. आमची म्हस त्येच पाणी प्याली. दुसऱ्या दिवशी धार काढली, तर दुधाला वास. चहा काय हुईना त्येचा. मालकांच्या गाडीतलं प्याट्रोल संपल्यालं. त्येनी आव बघितला न्हाय न ताव, वतलं दूध टाकीत. गाडी निपाणीला जाऊन माघारी आली की!"

टोपीवाले आजोबा फिस्सकन हसले. पण लगेच त्यांनी तोंडावर हात धरला, कारण शांतव्वाच्या मागं भिंतीवर दुसरी शांतव्वा होती. सहा फुटी. अंगभर काळं तेल निथळतंय, केसांच्या बटा तेलानं कपाळाला चिकटल्यात, डाव्या हातात पणती आणि वाऱ्याला आडवा धरलेला उजवा तळवा. सगळ्या चित्रात उजेड तेवढाच, त्या ज्योतीचा आणि तिच्यामागच्या तळव्याचा. खाली चिठ्ठी होती : 'अखेरचा दिवा'.

असं चित्र मागं असताना कोण हसणार? प्राध्यापकबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि वहीत लिहिलं, 'विनोदाच्या आडून बोलणारी वेदना.' शांतव्वाला वाचता येत नव्हतं, पण बाई काहीतरी लिहून घेतायत एवढं दिसलं आणि तिला आणखी चेव आला. गाडीचं ॲव्हरेज किती पडलं तेही तिनं सांगून टाकलं.

आता खरं सांगायचं तर शांतव्वानं तेलाची विहीर जन्मात बघितली नव्हती. तिनं बघितलेलं सगळ्यात मोठं तेल म्हणजे कळंब्याच्या यात्रेतली भज्याची कढई. बत्तीस वर्षं ती चित्रकलेच्या क्लासात मॉडेल म्हणून बसत होती. नवरा सिद्धराम त्याच क्लासात शिपाई होता. तो गेल्यावर मास्तर म्हणाले, "शांतव्वा, तुमचा चेहरा चांगला आहे, बसा." ती बसली. त्या दिवसापासून लाकडी चौथऱ्यावर, खिडकीच्या उजेडात, चाळीस मिनिटं न हलता. जिला घरी दोन मिनिटं एका जागी बसवत नव्हतं, भाजी निवडता निवडता जी तीनदा दारात जाऊन यायची, ती चौथऱ्यावर चढली की दगड. सून म्हणायची, "अत्ते, तुमाला घरात बी एक चौथरा बांधून घेऊ या."

कोल्हापुरात शिकलेल्या चारशे पोरांनी तिला काढलं असेल. दुष्काळ तिच्या तोंडावर, महापूर तिच्या तोंडावर, जवानाची आई तीच, देवळाबाहेरची भिकारीण तीच. चित्राखाली नाव कधी 'वृद्धा', कधी 'प्रतीक्षा', एकदा तर 'सुरकुत्या'. शांतव्वा असं कुणी लिहिलं नाही.

राजवर्धन मात्र लिहिणार होता. तिशीचा पोरगा, दाढी वाढवलेला, मनानं चांगला. दोन वर्षं त्यानं तेलाच्या विहिरींनी नासलेल्या गावांवर अकरा चित्रं काढली. फोनवर फोटो बघितले, पुस्तकं वाचली, रात्रीची झोप घालवली. तिथं गेला नाही एवढंच. तिथलं माणूस म्हणून शांतव्वाला बसवलं, तिच्या गालाला गॅरेजातलं जळकं ऑइल फासलं. आठ दिवस तिला खाज सुटली, शिकेकाईनं तीनदा न्हाली तरी उशीला वास येत होता.

प्रदर्शन खासबागेजवळच्या एका दालनात सहा दिवस होतं. पहिल्याच दिवशी एका बाईनं चित्राकडं आणि मग खाली स्टुलावर बसलेल्या शांतव्वाकडं बघून विचारलं होतं, "आजी, हे तुम्ही? तुमचंच गाव का हो हे?" आणि शांतव्वाच्या जिभेनं तिला न विचारताच उत्तर दिलं होतं, "व्हय की."

झालं. चार दिवस ती त्या गावची होती. राजवर्धनला आधी घाम फुटला, मग गर्दी वाढली तसा तो गप्प झाला. उद्या, म्हणजे पाचव्या दिवशी, मुंबईचे मोठे पाहुणे येणार होते. त्यांना पसंत पडलं की अकराच्या अकरा चित्रं मुंबईला आणि तिथून दिल्लीला.

"आणि आजी," राजवर्धन म्हणाला होता, "दिल्लीत चित्राखाली तुमचं नाव लावणार. मोठ्या अक्षरात. शप्पथ."

"मला बी न्या मग. इमानात खिडकीकडंला बसीन मी."

"पाहुण्यांना ते म्हशीचं दूध सांगा. खूश होतील."

गर्दी ओसरली तशी शांतव्वा दालनाच्या मागच्या खोलीत चहाला गेली. तिथं शेगडी होती आणि जुनाली होती. जुनाली दालनात साफसफाई करायची. पंचविशीची, बारक्या चणीची, आसामकडची. नवरा शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरायला. तीन वर्षांत ती कोल्हापुरी बोलायला शिकली होती, म्हणजे निम्मं हिंदी आणि निम्मं फौंड्रीतल्या बायकांचं. चार दिवस ती मॉप घेऊन दालनभर फिरत होती आणि एक अक्षर बोलली नव्हती.

चहा टाकायची तिची एक रीत होती. आधी खिडकी उघडायची. मग वाकून शेगडीचा वास घ्यायची, सिलिंडरचा घ्यायची. मग उगीच उभी राहायची, मनात काही म्हणत असल्यासारखी. मग हात लांब करून, तोंड वळवून लायटर दाबायची. शांतव्वा चार दिवस या नाटकाची मजा बघत होती.

"काय गं, गॅस कंपनीनं ठिवलीया व्हय तुला तपासायला? तुझा चहा हुईस्तवर माझ्या कळंब्याच्या दोन बशी जात्यात."

जुनाली हसली नाही. ज्योत पेटली तशी मागं सरली आणि म्हणाली, "आज्जी, तुमचं गाव कुठलं? ते तेलवालं."

"लई लांब हाय त्ये. तुला न्हाई कळायचं."

"मी पण लांबची." चहात साखर घालत ती म्हणाली. "फोटोत... चित्रात, हातात दिवा कशाला घेतला?"

"कशाला म्हंजे? अंधार झाल्ता."

"तिथं दिवा कोण लावतंय?"

शांतव्वानं तोंड उघडलं. एवढ्यात एखादी म्हैस तरी जिभेवर यायला पाहिजे होती. आली नाही.

"आमच्या गावाकडंला विहीर फुटली," जुनाली म्हणाली. "पाण्याची न्हाय, तेलाची. कंपनीची. आवाज कसा? विमान घरावर थांबलंय, पुढं जात न्हाय, असा. दिवस-रात. बोललं तर ऐकू येत न्हाय. काळं-बिळं काय न्हाय आलं आमच्या अंगावर. बारीक दवासारखं पडायचं. चहाच्या पानावर, सुपारीवर, दोरीवरच्या कपड्यावर. चमकायचं. छान दिसायचं, आज्जी."

"छान?"

"व्हय. मग मासं वर आलं. पोट वर करून. तळ्यावर रंग, सात रंग. आणि गाडी फिरायची भोंगा लावून, आग लावू नका, आग लावू नका. सगळ्या हवेत गॅस. चूल न्हाय, बिडी न्हाय, दिवा न्हाय. पोहे पाण्यात भिजवून खायचं. तेरा दिवस. बारकं भाऊ रडायचं, गरम भात पाहिजे."

"आन् देवाला?"

"देव पण अंधारात."

चहा उतू चालला होता. दोघींपैकी कुणी हात पुढं केला नाही. शेगडीवर सांडल्याचा चर्र आवाज झाला तशी जुनाली दचकून उडाली आणि तिनं बटण बंद केलं.

"मग?" शांतव्वानं विचारलं.

"मग चौदाव्या दिवशी लागली आग. कुणी लावली न्हाय. लागली. घर गेलं." तिनं कप पुढं केला. "घ्या. आणि ते म्हशीचं दूध, आज्जी... आमची पण म्हस होती."

एवढंच बोलून तिनं मॉप उचलला आणि गेली. रागावली असती तर शांतव्वानं तिला चार शब्द सुनावले असते. पण तिचा आवाज चढला नव्हता, त्याचंच काय करावं ते शांतव्वाला कळेना.

त्या दिवशी ती कळंब्याच्या स्टॉपच्या पुढच्या स्टॉपवर उतरली. घरी आली, चप्पल काढली, परत घातली. अंगणात गेली, आत आली. तलावाकडून वारा येत होता, त्यात आज कसला वास आहे का, म्हणून तिनं दोनदा नाक वर केलं. सुनेनं, दानेश्वरीनं, लिंगापुढं दिवा लावला तेव्हा ती काडीकडं बघत राहिली.

"अत्ते, काय झालंय? बसा की जरा."

"बसतोच की जलमभर. आनी काय करतोय मी?"

सकाळी पहिल्या बशीनं ती दालनात हजर. राजवर्धन एकटाच होता, शिडीवर चढून, जुनी ज्योत खरवडून नवी पिवळी काढत होता. ताजा रंग चमकतो, पाहुणे आले की नजर तिथंच जाईल, हा त्याचा हिशोब. दालनभर तेलरंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास भरला होता.

"राजू, त्यो दिवा काढ."

"काय?"

"काढ म्हंतो. तितं दिवा लावत न्हवते. चूल सुदीक पेटवत न्हवते."

"तुम्हाला कोण म्हणालं?"

"फरशी पुसती ती."

राजवर्धनचा ब्रश थांबला. तो शिडीवरून हळूहळू उतरला आणि खालच्या पायरीवर बसला. त्याच्या तोंडाकडं बघून शांतव्वाला त्याची दया आली. दोन वर्षं पोराच्या डोळ्याला डोळा नव्हता.

"आजी, दिवा काढला तर काय उरतं? सगळं काळं. माणूस चित्राकडं का बघेल? तो खराखुरा दिवा नाहीच आहे तसा. आशा आहे ती."

"आशा म्हन नाहीतर आनी काय म्हन. जिचं घर जळलं ती बाई ह्येच्याखालची फरशी पुसतीया, आन् मी तिच्या म्होरं म्हशीच्या दुधावर गाडी चालीवतोय."

"आज पाहुणे जाऊ देत," तो म्हणाला. "मग बोलू. मी तिच्याशीही बोलतो. तिचं पण एक काढू, बसेल का ती?"

"इचार तिलाच."

त्यानं विचारलंही. जुनाली बादलीत मॉप पिळत होती. वर न बघता म्हणाली, "न्हाय. मला भिंतीवर नको."

पाहुणे अकराला आले. खादीचा कुर्ता, पांढरी शेंडी बांधलेली, हळू आवाज, मागं दोन माणसं आणि एक कॅमेरा. दहा चित्रं त्यांनी मान हलवत बघितली. अकराव्यापुढं येऊन उभे राहिले ते हललेच नाहीत. एकदा चित्राकडं, एकदा शांतव्वाकडं.

"ह्या त्याच?"

"हो सर. आजी... सांगा की यांना. तुमच्या विहिरीचं."

कॅमेरा तिच्याकडं वळला. शांतव्वा स्टुलावरून उठली. जुनाली दाराशी उभी होती, मॉपच्या दांड्यावर हनुवटी टेकून, बाकीच्यांसारखीच ऐकायला.

दिल्ली. मोठ्या अक्षरात नाव. विमानाची खिडकी. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते ते रेघ काढायला नव्हे, ऐकायला. ती बोलेना. एक मिनिट गेलं. दोन गेली. नकळत ती चौथऱ्यावरच्यासारखी स्थिर झाली, डोळे एका जागी, श्वाससुद्धा बारीक.

"बघा," पाहुणे कुजबुजले. त्यांचा आवाज जड झाला होता. "बोलवत नाही त्यांना. केवढं दुःख असेल. हा मौनाचा क्षण घे रे, सोडू नकोस." कॅमेरा दोन पावलं जवळ आला.

आयुष्यभर बोलून जेवढ्या थापा मारल्या नव्हत्या, तेवढी मोठी थाप शांतव्वा आत्ता गप्प बसून मारत होती, आणि तीही फुकटात खपत होती.

"मी कळंब्याची हाय," ती मोठ्यांदा म्हणाली.

"हो हो," पाहुणे म्हणाले. "आता तुम्ही इथं राहता. विस्थापित. समजलं."

"इस्थापित न्हवं, कळंब्याचीच! तलावाकडंला घर हाय. म्हस नव्हती, मोटारसायकल नव्हती, मालकांना सायकल सुदीक येत न्हवती. त्याल मी पाकिटातलं बघितलंय!"

पाहुण्यांनी राजवर्धनकडं बघितलं. राजवर्धननं फरशीकडं. कॅमेरा चालूच होता. शांतव्वा वळली आणि चित्रासमोर गेली.

दिवा फुंकरीनं विझवायचा नसतो, पदराच्या वाऱ्यानं शांत करायचा, हे तिच्या अंगात लहानपणापासूनच. तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि सवयीनं ज्योतीवर वारा घातला. एकदा. दोनदा. रंगाची ज्योत, ती काय वाऱ्यानं जाणार? मग तिनं टाचा उचलल्या, पदर बोटाला गुंडाळला आणि वातीवर धरला. चिमटीत दाबून ज्योत पुसून घेतली, खालून वर, जसं बाळाचं नाक पुसतात तसं.

"आजी!" राजवर्धन ओरडला.

ओला पिवळा पदरावर आला. मागं उरला काळपट डाग. पणती त्या काळ्यात दिसेनाशीच झाली.

पाहुणे बराच वेळ चित्राकडं बघत राहिले, मग घड्याळाकडं. "मी फोन करतो," ते राजवर्धनला म्हणाले, आणि माणसं, कॅमेरा घेऊन पायऱ्या उतरले. हे 'फोन करतो' कसलं ते राजवर्धनला कळलं, शांतव्वालाही कळलं.

"तुम्ही माझं वाटोळं केलंत," राजवर्धन म्हणाला. ओरडून नाही. तो बाहेर कट्ट्यावर जाऊन डोकं धरून बसला.

शांतव्वा स्टुलावर टेकली. "जुनाली, मला जरा पाणी दे गं."

जुनाली हलली नाही. मॉप भिंतीला टेकवून ती चित्रासमोर येऊन उभी राहिली होती. पाच दिवसांत पहिल्यांदा तिनं ते नीट वर मान करून बघितलं. ज्योत होती तोवर तळवा ज्योतीच्या मागं होता, तिला वारा लागू नये म्हणून धरलेला. आता पुढं काहीच नव्हतं. अंधारात एक म्हातारी, आणि समोरच्यावर उगारल्यासारखा तिचा पसरलेला पंजा.

"आइता," जुनाली म्हणाली.

"काय म्हंतीस?"

"माझी आज्जी. आइता म्हणतो आम्ही. ती रस्त्याच्या कडंला बसायची, तेरा दिवस. जो येईल त्याला असा हात करायची." तिनं आपला हात वर केला. "बिडी हाय का? काडी हाय का? पुढं येऊ नको. पोलिसाला पण थांबवलं. लोकं हसायचे."

"मग?"

"मग शाळेत ठेवलं आम्हाला सगळ्यांना. तिथंच वारली ती. थंडीत." तिनं हात खाली घेतला. "पाणी आणतो, आज्जी."

राजवर्धन कट्ट्यावरून आत बघत होता. त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. पण संध्याकाळी दालन बंद करताना त्यानं शिडी लावली, पिवळ्या रंगाची ट्यूब काढली, हातात ब्रश घेऊन बराच वेळ उभा राहिला, आणि ब्रश तसाच परत ठेवला. 'अखेरचा दिवा' ही चिठ्ठी मात्र त्यानं काढून खिशात घातली. दुसरी लावली नाही.

शांतव्वा घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. पदरावरचा पिवळा तिनं नळावर साबणानं घासला, रॉकेलच्या बोळ्यानं घासला. तो आणखी पसरला. दानेश्वरीनं विचारलं, "हे कशानं वो अत्ते? हळद?"

"दिव्याला पदर दिला."

"फोन आल्ता का दिल्लीचा? इमानाचा?"

"इमान थांबलंय," शांतव्वा म्हणाली. "घरावरच. फुडं जाईना."

दानेश्वरी हसली. अत्तेची नवी थाप म्हणून तिनं सोडून दिलं. लिंगापुढं बसली, वात पुढं सारली, काडेपेटी उघडली.

शांतव्वा उंबऱ्यात उभी होती. तिचा उजवा हात आपोआप वर गेला, तळवा पुढं.

"थांब."

"का वो?"

शांतव्वानं नाक वर केलं होतं. तलावाकडून वारा येत होता, शेजारच्यांच्या फोडणीचा वास येत होता, आणि दुसरं काही नव्हतं. दानेश्वरी हातात काडी धरून बसली. अत्ते आता हसेल, मग हसेल, म्हणून वाट बघत राहिली. खोलीत अंधार भरत आला, आणि शांतव्वाचा हात चौथऱ्यावर धरावा तसा वरच होता, जरासुद्धा न हलता.